मना गया दुखस! नर्सिंगचे शब्द, शरीराचे शब्द, दुखण्याचे शब्द

पांझराकाठची | ४ मे, रात्री ११:४०

रामराम मंडळी. पहिलाच धागा आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी साक्री तालुक्यातली. बारावीपर्यंत सगळं मराठीतून, तेही आर्ट्स. आता धुळ्यात जीएनएमच्या (नर्सिंगचा डिप्लोमा) पहिल्या वर्षाला आहे. घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि आता एकदम इंग्रजी पुस्तक. अॅनाटॉमीचा पेपर दोन आठवड्यांवर आलाय आणि शब्द काही केल्या डोक्यात राहत नाहीत. स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड हा एकच शब्द तीन दिवस घोकतेय. सकाळी येतो, जेवण झालं की जातो.

पण झोप उडालीय ती वेगळ्याच गोष्टीनं. गेल्या आठवड्यात वॉर्डात एक आजी म्हणाल्या, "मना गया दुखस." आमच्यासोबतच्या मॅडम बाहेरच्या जिल्ह्यातल्या. त्या म्हणाल्या, "गया? कोण गया? कुठे गया?" सगळ्या पोरी हसल्या. मीही हसले. मला कळलं होतं की आजींचा गळा दुखतोय. आमच्यात ळ चा य होतो, डोळ्याला डोया म्हणतात, गळ्याला गया. पण सांगितलं असतं तर मीही गावंढळ ठरले असते, म्हणून गप्प बसले. आजींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी कुठली ते त्यांनी ओळखलं असावं.

शब्द लक्षात ठेवायची काही युक्ती असेल तर सांगा. आणि पेशंटची बोली नि केस पेपरची भाषा यांचा मेळ कसा घालतात तेही.

---

स्लाइडवाले_काका | ५ मे, सकाळी ६:१५

बेटा, भुसावळला लॅबमध्ये ३४ वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलो. मीही मराठी शाळेचाच. आमचे जुने साहेब एकच सांगायचे: शब्द घोकू नको, मालगाडीसारखे डबे सोडव. आणि गार्डाचा, म्हणजे शेवटचा, डबा आधी बघ.

गार्डाच्या डब्यात 'आयटिस' असेल तर सूज, दाह. 'एक्टमी' असेल तर तो भाग काढून टाकला. 'ऑटमी' म्हणजे नुसतं कापून उघडलं, 'ऑस्टमी' म्हणजे बाहेर तोंड काढून ठेवलं. 'स्कोपी' म्हणजे आत डोकावणं, 'मेगॅली' म्हणजे वाढलेलं, 'एमिया' आलं की मामला रक्ताचा. मग इंजिन बघ. हेपॅट यकृत, गॅस्ट्र जठर, आर्थ्र सांधा, ऑस्टि हाड. आता कोलेसिस्टेक्टमी घे. कोले म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी, एक्टमी म्हणजे काढली. पित्ताची पिशवी काढली, संपलं. एक खोडी मात्र आहे. मूत्रपिंडाला ग्रीक नाव नेफ्र आणि लॅटिन नाव रेन, म्हणून एकाच फाइलमध्ये नेफ्रायटिसही येतं आणि रीनलही. दोन वेगळे अवयव समजू नको.

तुझा तो लांबलचक स्नायू तर निव्वळ पत्ता आहे. स्टर्नम म्हणजे छातीचं मधलं हाड, क्लायडो म्हणजे हासळीचं हाड, मॅस्टॉइड म्हणजे कानामागचा हाडाचा उंचवटा. खाली दोन ठिकाणी बांधलेला, वर एका ठिकाणी. आरशासमोर उभी राहा, तोंड उजवीकडे वळव. मानेच्या डाव्या बाजूला दोरीसारखं जे वर येतं ते बोटांच्या चिमटीत धर. परत विसरलीस तर मला सांग.

आणि गावंढळपणाचं म्हणशील तर ऐक. पॅटेला म्हणजे लॅटिनमध्ये लहानशी थाळी. आपण काय म्हणतो? गुडघ्याची वाटी. प्युपिल हा शब्द आला लॅटिनमधल्या 'लहान बाहुली'वरून, समोरच्याच्या डोळ्यात आपलं इवलंसं रूप दिसतं म्हणून. आपणही डोळ्यातली बाहुलीच म्हणतो. मसल म्हणजे मुळात 'छोटा उंदीर', कातडीखाली पळतो तसा दिसतो म्हणून. आपल्या पोरांनी दंड फुगवला की बेडकी आली म्हणतात. त्यांचा उंदीर, आपली बेडकी. कानातल्या कॉक्लियाचा अर्थ गोगलगाय. हे सगळे त्यांच्या स्वयंपाकघरातले नि शेतातले शब्द आहेत बेटा, कोट घालून आलेत एवढंच.

---

केळीबाग | ५ मे, दुपारी २:०५

काका, वाचून मजा आली. आता माझा प्रश्न सोडवा. मी रावेर तालुक्यातला, केळी करतो. ठिबकमधून युरिया सोडतो, पोती घरात पडलेली असतात. परवा वडिलांचा रक्ताचा रिपोर्ट आला, त्यात लिहिलंय 'ब्लड युरिया ९०', शेजारी बाण वर. घरात रडारड. आई म्हणते खताचे हात न धुता जेवतात, पोटात गेलं. खरं काय?

---

स्लाइडवाले_काका | ५ मे, दुपारी ४:३०

नाही रे भाऊ, उलटी गोष्ट आहे. खताला नाव मिळालं ते लघवीवरून. युरिया हा पदार्थ आधी लघवीत सापडला. मग १८२८ साली फ्रीडरिश व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं तो प्रयोगशाळेत तयार केला, आणि पुढे त्याचे कारखाने निघाले. तुझ्या पोत्यात ४६ टक्के नायट्रोजन असतो तोच हा युरिया.

आपण डाळ, दूध, अंडी, मटण खातो त्यातल्या प्रथिनांचा नायट्रोजन उरतो. यकृत त्याचा युरिया करतं, रक्त तो वाहून नेतं, मूत्रपिंडं तो गाळून लघवीत टाकतात. रक्तात तो साधारण १५ ते ४० असायला हवा. ९० म्हणजे गाळणीकडे काहीतरी अडलंय, किंवा गाळणीपर्यंत पाणीच पुरेसं पोचत नाहीये. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारा रिपोर्टातला दुसरा आकडा) किती आलंय ते सांग.

बेटा पांझराकाठची, तूही बघ: शेवटी 'युरिया' आलं की लघवीत. हिमॅच्युरिया म्हणजे लघवीत रक्त, प्रोटिन्युरिया म्हणजे लघवीत प्रथिनं. युरिमिया म्हणजे मात्र लघवीतून जायचं ते रक्तात साठलं.

---

केळीबाग | ५ मे, दुपारी ४:५०

क्रिएटिनिन १.४. वय ६८. बीपीची गोळी चालू आहे. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलवरून लाल गोळी आणून खातात, रोज एक. महिनाभर तरी.

---

दवाखान्यातून | ५ मे, रात्री १०:२०

जळगावला जनरल प्रॅक्टिस करतो. केळीबाग, इथे बसून निदान होत नसतं, त्यामुळे आधी वडिलांना उद्याच दाखवा. पण दोन गोष्टी सांगतो. युरिया दुपटीच्या वर आणि क्रिएटिनिन जेमतेम वाढलेलं, असं चित्र शरीर कोरडं पडल्यावर बऱ्याचदा दिसतं. मे महिन्यात ४४-४५ अंशांत माणूस बागेत फिरतो, घाम किती गेला ते त्याला कळतही नाही. त्यात वेदनाशामक गोळी मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त आणखी कमी करते. वरून बीपीची गोळी. ती लाल गोळी आजच बंद करा आणि पाकीट डॉक्टरांना दाखवा. बीपीची गोळी मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका.

मूळ धाग्यावर येतो. ताई, तुमचा दुसरा प्रश्न मला पहिल्यापेक्षा मोलाचा वाटतो. माझं शिक्षण सगळं इंग्रजीत झालं, आणि पहिली दोन वर्षं मी पेशंटला फक्त 'दुखतंय का?' एवढंच विचारायचो. एका म्हाताऱ्या कंपाउंडरनं शिकवलं की 'दुखतं' हा शब्द पुरत नाही, 'कसं' दुखतं ते माणसाकडे असतं, आपण काढून घ्यायचं. इंग्रजी पुस्तकात वेदनेचे प्रकार पानभर असतात. आपल्याकडे प्रत्येकाला सुटा शब्द आहे आणि तो अंगठेबहाद्दर माणूसही अचूक वापरतो.

'कळ' येते आणि जाते. नळीसारखा अवयव आवळतो, सुटतो, पुन्हा आवळतो तेव्हा येणारं दुखणं ते. आतडं, मूत्रनलिका, बाळंतपणातलं गर्भाशय. कमरेच्या बाजूनं निघून जांघेपर्यंत उतरणारी कळ, आणि माणूस अंथरुणावर एका जागी ठरत नाही, गडाबडा लोळतो, हे मुतखड्याचं चित्र. आमच्याकडे उन्हाळ्यात असे पेशंट सारखे येतात. याउलट पोटाच्या आतलं अस्तर सुजलं असेल तर माणूस हलतसुद्धा नाही, खोकायलाही घाबरतो.

'ठणका' नाडीबरोबर पडतो. पू धरलेलं गळू, किडलेली दाढ, नखुरडं. कुणी म्हणालं 'रात्रभर ठणका लागला' तर मी आधी पू शोधतो. 'सणक' नसेची. कमरेतून निघून पोटरीपर्यंत वीज गेल्यासारखी. 'चमक' स्नायूची, श्वास घेताना बरगडीत भरते. 'रग' लागते ती श्रमाची. 'जळजळ' आम्लाची किंवा लघवीची. 'मुरडा' आला म्हणजे आव पडतेय का विचारा.

आता हृदयाचं. तिथे माणूस पुष्कळदा 'दुखतं' म्हणतच नाही. म्हणतो दगड ठेवलाय, आवळतंय, जीव घाबरतोय. आणि दाखवताना बोट नाही टेकवत, मूठ किंवा पंजा छातीच्या मध्यावर ठेवतो. मध्यावर, डावीकडे स्तनाखाली नाही. हृदय छातीच्या मधल्या हाडामागेच असतं, टोक तेवढं डावीकडे झुकलेलं. साखरेच्या पेशंटला तर नुसता घाम, मळमळ, दम एवढ्यावरही झटका येऊन जातो. बोटानं एक ठिपका दाखवणाऱ्याचं दुखणं बहुधा हृदयाचं नसतं, पण बहुधावर कुणाला घरी पाठवू नका. ईसीजी काढायचाच.

म्हणून ताई, केस पेपरवर पेशंटचा शब्द जसाच्या तसा लिहा. 'गया दुखस' लिहिलं असतंत तर मला आनंद झाला असता.

---

मेहरूणची_बोर | ६ मे, सकाळी ९:१०

डॉक्टरसाहेब, शब्द अचूक वगैरे ठीक, पण आमच्या लोकांचा अर्धा घोळ शब्दांमुळेच होतो हो! "मला थायरॉईड आहे." अगं बाई, सगळ्यांनाच आहे, गळ्यात फुलपाखरासारखी ग्रंथी असते ती. "मला बीपी आहे." नसतं तर बोलली असतीस का? "त्याला अपेंडिक्स झालं." ते जन्मापासून होतं, सुजलं आत्ता!

आमच्या घरातला किस्सा. सासूबाईंची मान आखडायची, हाताला मुंग्या यायच्या. एक्स-रे काढला, कागदावर आलं 'सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिस'. शेजारच्या काकूंनी त्याच आठवड्यात टीव्हीवर सर्व्हायकल कॅन्सरच्या लसीबद्दल ऐकलेलं. झालं. तीन दिवस सासूबाई जेवल्या नाहीत. धाकट्या दिरांना नाशिकहून बोलावून घेतलं, सोन्याच्या पाटल्या कुणाला द्यायच्या ते सांगून झालं. चौथ्या दिवशी मला कळलं नक्की काय चाललंय. लॅटिनमध्ये सर्व्हिक्स म्हणजे मान. आपली मान तीही सर्व्हिक्स, आणि गर्भाशयाचा खालचा अरुंद भाग म्हणजे त्याची मान, तीही सर्व्हिक्स. लस आहे ती गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी, एचपीव्ही विषाणूविरुद्ध. मानेच्या मणक्यांची झीज आणि तो यांचा काडीचा संबंध नाही.

पाटल्या परत कपाटात गेल्या. माझं नाव निघालं होतं, ही हळहळ अजून आहे.

---

खान्देशी_पुण्यात | ६ मे, दुपारी १:००

=)) पाटल्या!

घोळाचा विषय निघालाच आहे तर 'पित्त' घ्या. आई म्हणते पित्त झालं, तेव्हा छातीत जळजळतं. बहीण म्हणते पित्त झालं, तेव्हा अर्धं डोकं ठणकतं आणि ओकारी झाल्यावर उतरतं. भाच्याच्या अंगावर गांधी उठल्या तर तेही पित्तच उठलं. तिन्हीवर घरात एकच इलाज, कोकम सरबत.

---

दवाखान्यातून | ६ मे, दुपारी १:४५

अगदी. पहिलं जठरातलं आम्ल, दुसरी अर्धशिशी, तिसरी अॅलर्जी. आणि खरं पित्त, म्हणजे बाइल, या तिन्हीत दोषी नाही. ते यकृतात तयार होतं, पित्ताशयात साठतं, तेलकट खाल्लं की आतड्यात उतरतं. पित्ताशयात खडे झालेली बाई वर्षभर अॅसिडिटीची गोळी खात बसते ती या एका शब्दामुळे. भरीत-पुरीचं तेलकट जेवण झालं आणि तासा-दोन तासांनी उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, दुखणं पाठीत उजव्या खांद्याकडे गेलं, तर सोनोग्राफी करा.

---

शेंगदाण्याची_चटणी | ६ मे, दुपारी २:१५

भरिताला नावं ठेवायची नाहीत. हिरवी वांगी, काड्यांवर भाजलेली, बडजीत कुटलेली...

---

धागापाल | ६ मे, दुपारी २:२०

भरिताचा धागा वेगळा आहे. तिकडे ३०० प्रतिसाद झालेत.

---

खान्देशी_पुण्यात | ६ मे, रात्री ८:३०

मागच्या पावसाळ्यात भावाला डेंग्यू झाला होता. गावाकडून फोन, "पांढऱ्या पेशी ३५ हजारांवर आल्या, पुण्यात पिशवी मिळते का बघ." मी रात्रभर रक्तपेढ्यांना फोन करत होतो. पपईच्या पानांचा रस पाजणं चालूच. पेशी वाढल्या त्या रसानं की कशानं?

---

स्लाइडवाले_काका | ६ मे, रात्री ९:१५

ही माझी जुनी ठसठस! लोकहो, त्या पांढऱ्या पेशी नव्हेत. रक्तात तीन मंडळी. तांबड्या पेशी प्राणवायू वाहतात, त्यांचं आयुष्य सुमारे १२० दिवस. पांढऱ्या पेशी शिपाई, एका मायक्रोलिटरमागे ४ ते ११ हजार. आणि तिसऱ्या प्लेटलेट, मराठीत बिंबिका, दीड ते साडेचार लाख, रक्त गोठवायचं काम त्यांचं. स्लाइडवर त्या एवढ्याशा जांभळ्या कणांसारख्या दिसतात, तांबड्या पेशीपेक्षा कितीतरी लहान. पांढऱ्या पेशी ३५ हजार असत्या तर त्या कमी नाही, वाढलेल्या झाल्या असत्या! नातेवाईक खिडकीशी येऊन 'पांढऱ्या किती?' विचारायचे, मी खरंच पांढऱ्या पेशींचा आकडा सांगायचो, आणि मग बाहेर गोंधळ.

---

दवाखान्यातून | ६ मे, रात्री ११:०५

बिंबिका साधारण १० हजारांखाली जात नाहीत किंवा रक्तस्राव सुरू होत नाही तोवर पिशवी बहुधा लागत नाही. ताप उतरल्यावर दोन-तीन दिवसांत त्या आपोआप वाढायला लागतात, श्रेय शेवटी जे पाजलं त्याला मिळतं.

पण माझं भांडण वेगळं आहे. सगळं घर प्लेटलेटच्या आकड्याकडे बघत बसतं आणि खरा धोका दुसरीकडूनच येतो. डेंग्यूत ताप उतरतो तोच काळ जपायचा. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून बाहेर जातं, रक्त घट्ट होतं, बीपी पडतं. तापाच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसात पोट खूप दुखणं, सारख्या उलट्या, हातपाय गार, लघवी कमी, हिरड्यांतून रक्त, यातलं काहीही दिसलं तर प्लेटलेट एक लाख असल्या तरी दवाखाना गाठा. आणि तापाला पॅरासिटामॉलच. आयबुप्रोफेन, अॅस्पिरिन नको.

---

सातपुडा_पायथा | ७ मे, दुपारी ३:४०

मी शहादा भागात आरोग्यसेविका आहे. मोबाइलवर टाइप करतेय, चुका असतील.

कावीळ या शब्दाबद्दल मला लिहायचंय. लोक कावीळ हा आजार समजतात. ती नुसती खूण आहे, धुरासारखी. तांबड्या पेशी मोडल्या की त्यातून पिवळं बिलिरुबिन निघतं, यकृत ते पित्तातून बाहेर टाकतं. त्यामुळे डोळे पिवळे व्हायला तीन वाटा. पेशीच जास्त मोडताहेत, किंवा यकृत आजारी आहे, किंवा पित्ताची नळी खड्यानं नाहीतर गाठीनं तुंबलीय. यकृताच्या आजारातसुद्धा अ आणि ई प्रकार घाण पाण्यातून येतात, ब आणि क रक्तातून, सुईतून. सगळ्यांना एकच माळ घालून कसं चालेल?

ती माळ मी बघितलीय. ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात गाठी मारून ओवतात. काड्या वाळतात, आक्रसतात, गाठी सरकतात, माळ गळ्यातून पोटापर्यंत येते. लोक म्हणतात कावीळ उतरली. मी तशीच माळ खुंटीवर टांगून दाखवली, खुंटीवरपण लांब झाली. तेव्हा काही बाया हसल्या, काही रागावल्या.

आता खरं सांगायचं ते. आमच्याकडे सात वर्षांचा एक मुलगा होता. डोळे पिवळसर, अधूनमधून हातपाय, कंबर खूप दुखायची. दोनदा माळ झाली. तिसऱ्यांदा थंडीत रात्रभर रडला तेव्हा आई माझ्याकडे घेऊन आली. मी पोटाला हात लावला, पानथरी लागत होती. (प्लीहेला आमच्या म्हाताऱ्या बाया पानथरी म्हणतात, मलेरियाच्या दिवसांतला शब्द आहे.) तपासणी केली, सिकलसेल एसएस निघाला, म्हणजे आई आणि वडील दोघांकडून दोष आलेला.

सिकल म्हणजे विळा. तांबडी पेशी मूळची गोल, मधे दबलेली, लवचीक असते, बारीक नळीतून वाकून जाते. हिमोग्लोबिनच्या साखळीत एका जागी एक अमिनो आम्ल बदललेलं असतं, त्यानं प्राणवायू कमी झाला की पेशी विळ्यासारखी वाकडी नि ताठ होते. १२० दिवस जगायची ती १०-२० दिवसांत मोडते, म्हणून रक्त कमी आणि डोळे पिवळे. विळे नळीत अडकतात, म्हणून दुखणं. थंडी, ताप, पाणी कमी पिणं, फार दमणं, यातल्या कशानंही झटका येतो.

आईवडील दोघं धडधाकट होते. दोघंही एएस, म्हणजे वाहक, त्यांना सहसा काही त्रास होत नाही. दोघं वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता मूल एसएस असण्याची, चारात दोन वाहक, चारात एक पूर्ण मोकळं. 'प्रत्येक' या शब्दावर मी जोर देते, कारण लोकांना वाटतं एक आजारी झालं, आता पुढचे तीन बरे होतील. तसं नसतं. दर वेळी चिठ्ठी नव्यानं निघते.

त्या घरात शब्दाचीच भांडणं झाली. सासू म्हणे सुनेचं रक्त वाईट. मी दोघांचे कागद शेजारी ठेवले आणि दाखवलं, दोन्हीवर तेच अक्षर. नवरा बराच वेळ कागद बघत बसला. मग म्हणाला, "मग माझंबी आहे." त्या दिवसापासून गोळ्या न्यायला तोच येतो. पोरगा हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक अॅसिडवर आहे, दुखणी कमी झालीत, शाळेत जातो. गुरुजींना सांगून ठेवलंय की त्याला पाण्याची बाटली वर्गात ठेवू द्या आणि लघवीला सारखं सोडा.

२०२३ च्या जुलैत सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, २०४७ चं लक्ष्य आहे. तपासण्या वाढल्यात हे खरं. पण तपासणीचा कागद घरात पत्र्याच्या पेटीत जातो आणि लग्न ठरवताना पेटी कुणी उघडत नाही.

---

स्लाइडवाले_काका | ७ मे, सायंकाळी ५:००

बाई, तुम्हाला नमस्कार. सिकल पहिल्यांदा मायक्रोस्कोपखाली पाहिला तो दिवस मला अजून आठवतो. वाटलं स्लाइडच खराब झाली. दुसरी केली, तेच.

---

केळीबाग | ७ मे, सायंकाळी ७:३०

सेविकाताई, तुमच्या त्या गोळीतपण युरिया?

---

सातपुडा_पायथा | ७ मे, सायंकाळी ७:४५

भाऊ, नात्यातला आहे, पण पोत्यातला नाही :) तो औषधाच्या नावातला. फवारू नका.

---

मेहरूणची_बोर | ८ मे, सकाळी १०:००

नागिणीचं कुणी सांगेल का? तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो असं लहानपणापासून ऐकलंय. काकांना झाली होती तर घरात रोज टेप लावून मोजत होते.

---

दवाखान्यातून | ८ मे, दुपारी २:३०

टेप ठेवून द्या. कांजिण्यांचा विषाणू बरं झाल्यावरही मणक्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठीत दबून राहतो, वय झालं किंवा प्रतिकारशक्ती उतरली की त्याच नसेच्या पट्ट्यात वर येतो. नस शरीराच्या अर्ध्याच बाजूला जाते, म्हणून पट्टा साधारण मध्यरेषेपाशी थांबतो आणि तोंड-शेपूट जुळायचा प्रश्नच येत नाही. गंमत म्हणजे इंग्रजी नाव हर्पिस हेही 'सरपटणं' या ग्रीक शब्दावरून आलंय. पुरळ उठल्यापासून तीन दिवसांत औषध सुरू झालं तर उपयोग जास्त. डोळ्याजवळ असेल तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.

---

पांझराकाठची | १९ मे, रात्री १०:१५

धागा वर काढतेय. पेपर झाला.

काका, गार्डाचा डबा पेपरात चार ठिकाणी कामाला आला. स्नायूचा प्रश्न आलाच नाही, पण मी बाकावर बसल्या बसल्या मान वळवून बघितली, तेव्हा सुपरवायझर म्हणाले कॉपी करतेस का.

दुसरं. परवा वॉर्डात एक आजी आल्या. त्या आजी नव्हेत, दुसऱ्या. म्हणाल्या, "पोटमा कय निंघस." मॅडमनी माझ्याकडे बघितलं नाही, मीच म्हटलं, "मॅडम, कळ येतेय म्हणतात." मग मी विचारलं, "कोठे दुखस माय?" त्यांनी काळीज म्हणून हात ठेवला तो उजव्या बरगडीखाली. मला एकदम मटणाच्या दुकानातली कलेजी आठवली, ते यकृतच असतं ना. आपण काळजात धस्स झालं म्हणतो नि हात छातीवर ठेवतो, या आजींचं काळीज मात्र बरोबर जागेवर होतं. खांद्याकडे जातं का विचारलं, हो म्हणाल्या. जेवल्यावर होतं का, हो. मी केस पेपरवर त्यांचेच शब्द लिहिले आणि खाली मराठीत अर्थ. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले.

जाताना आजी म्हणाल्या, "आंडेर (म्हणजे लेकी), तू आपलीच शे ना?" मी म्हटलं, "हा माय, साक्रीनी."

मॅडमनी नंतर विचारलं, गया म्हणजे काय ते. सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

---

केळीबाग | २० मे, सकाळी ७:००

अभिनंदन ताई. इकडचंही सांगतो. लाल गोळी बंद केली, दोन दिवस सलाईन लागलं, आता पाणी मोजून पाजतोय. कालचा रिपोर्ट युरिया ४६, क्रिएटिनिन १.१. आईला सांगितलं ४६ आला, तर ती उठून पोत्यावरचा आकडा बघून आली.